दारातून खिडकीपर्यंत

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि घराबाहेरही बऱ्याच जणांनी ते सोसलं आहे. पण याच जिभेनं मी बावीस वर्षं एका माणसाला समोर बसवून सोलून काढत होतो आणि तो चहाचा कप हातात धरून सगळं ऐकून घेत होता, हे मला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी तो माणूस गेला. आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणायचो. त्यांच्याबद्दल दुसरं कुणी काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पूर्वी त्याच गाळ्यात त्यांच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं; शाळेचे गणवेश ते शिवत. कापड बेतायचं जुनं लांब टेबल चष्मेवाल्यांनी तसंच ठेवलं होतं आणि त्यावर काचा, पक्कड, तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रूंच्या डब्या मांडल्या होत्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचणाऱ्याला ते ‘शाबास’ म्हणायचे, मग तो सत्तरीचा का असेना. साऱ्या गावाचे चष्मे सरळ करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या चष्म्याची डावी दांडी मात्र दोऱ्यानं बांधलेली असायची. त्यावरून आमचा दंतवैद्य मित्र त्यांना कायम टोचायचा. ते म्हणायचे, “दिसतं ना, मग झालं.”

लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कमी बोलत, आणि बोललेच तर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देऊन बोलत. आमच्या मंडळात ही सवय दुसऱ्या कुणालाही नव्हती.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. दर रविवारी दुपारी चार वाजता माझ्या पुढच्या खोलीत जमायचो आणि जुने कृष्णधवल चित्रपट बघायचो. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म घालवला, म्हणून मंडळात मी ‘प्रूफसाहेब’, आणि त्यामुळेच मला चित्रपटापेक्षा त्यातल्या चुका आधी दिसतात. दंतवैद्याला हसणाऱ्या नायिकाच आवडतात. त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही, धंद्याचाच परिणाम तो. चौथ्या ग्रंथपालबाई. कोणत्या चित्रपटाची कॅसेट कधी निघाली, डिस्क कधी, कोणत्या आवृत्तीत किती मिनिटं कमी, आवाज कुठे बसतो, हे सगळं त्यांच्या वहीत तारीखवार लिहिलेलं असायचं. एखादी नवी आवृत्ती बाजारात आली की आमच्याकडे बारसं असल्यासारखा उत्साह. आणि ती बघून झाली की भांडण. दंतवैद्य ‘धाकटी’च्या बाजूनं, मी आणि ग्रंथपालबाई ‘बाईसाहेबां’च्या बाजूनं. ही आम्हीच ठेवलेली नावं. बाईसाहेब म्हणजे ज्यांच्या नुसत्या मान वळवण्यावर आम्ही तासभर बोलू शकायचो त्या अभिनेत्री. बाईसाहेब मोठ्या की धाकटी, या वादात आमची निम्मी हयात गेली आणि निकाल काही लागला नाही.

चष्मेवाले कुणाच्याच बाजूनं नसत. “मला सगळ्याच बऱ्या वाटतात,” म्हणायचे. दंतवैद्य त्यांना कुंपणावर बसलेले म्हणायचा. एक गोष्ट मात्र विचित्र होती. आम्ही नायिकेकडे बघत असू तेव्हा हे गर्दीकडे बघत. “ती मागे टाइप करणारी आहे ना, ती त्या आगगाडीच्या चित्रपटात तिकिटाच्या रांगेत होती,” असं मध्येच म्हणत. आणि ते बरोबर निघायचं! आम्ही हसायचो. लोकांच्या लग्नात जाऊन बँडवाल्यांकडे बघणारा माणूस, असं मी त्यांना म्हटलं होतं.

आता उडीबद्दल सांगायला हवं.

बाईसाहेबांच्या एका चित्रपटात त्या दवाखान्यातल्या नव्या मुख्य परिचारिका झाल्या आहेत. नवरा वारल्यावर त्या कामावर रुजू होतात. लांब दालन, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. बाईसाहेब दारात येतात, पाऊल उचलतात, आणि एकदम खिडकीपाशी असतात. मधलं चालणं नाहीच. संगीत गचका खातं, चित्र थरथरतं, खाली कोपऱ्यात एक तिरकी रेघ चमकून जाते. याला आम्ही ‘उडी’ म्हणायचो. ग्रंथपालबाईंकडे एका जुन्या मासिकाचं कात्रण होतं. त्यात कुणा परीक्षकानं लिहिलं होतं, की दारातून खिडकीपर्यंत चालताना बाई एक शब्दही बोलत नाहीत, पण सगळं वैधव्य त्या चालण्यात येतं. आणि नेमकं तेच चालणं गायब. कंपनीच्या गोदामाला आग लागून बाकीच्या प्रती गेल्या होत्या; उरली ती एकच, कुठल्याशा थिएटरात फिरून परत आलेली. कॅसेट तिच्यावरून, डिस्क तिच्यावरून, सगळ्या आवृत्त्या तिच्यावरूनच. म्हणून सगळ्यांत उडी.

ही उडी आली की मी सुटायचो. “कुठल्या तरी गाढव ऑपरेटरनं तुकडा तोडून खिशात घातला असणार! बायकोला दाखवायला नेला असेल. कसाई मेला! हात कलम करायला हवे होते त्याचे.” दरवेळी नवी शिवी, दरवेळी दंतवैद्याचं हसणं. चष्मेवाले कप खाली ठेवून म्हणायचे, “खरंय.” बावीस वर्षं म्हणत होते.

मग तीन वर्षांपूर्वी त्या चित्रपटाची नवी, स्वच्छ केलेली आवृत्ती निघाली. एकेक चित्र धुऊन पुसून काढलेलं, असं वेष्टनावर लिहिलं होतं. त्या रविवारी चष्मेवाले साडेतीनलाच येऊन बसले. “मधला भाग मिळाला असेल का हो त्यांना?” त्यांनी ग्रंथपालबाईंना दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, “वेष्टनावर तरी तसं काही नाही. बघू या.”

चित्र खरोखर काचेसारखं होतं. दालन आलं, दार आलं. बाईसाहेबांनी पाऊल उचललं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू विरघळून खिडकीपाशी उमटला. संगीत तुटलं नाही. रेघ नाही, थरथर नाही. सफाईच्या लोकांनी दोन टोकं एकमेकांत अशी मिसळून टाकली होती की तिथे कधी काही होतं हेच कळू नये.

“वा!” मी मांडीवर थाप मारली. “गेली एकदाची उडी!”

चष्मेवाले उठून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. “पुसली,” ते म्हणाले. “तीही पुसली.”

“काय पुसलं?” दंतवैद्यानं विचारलं.

“माझा जोड.”

आम्हाला कळेना. मी चित्र थांबवलं. ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

“प्रूफसाहेब, तुम्ही म्हणता तो गाढव मीच. एकोणीस वर्षांचा होतो. आमच्या इथल्या थिएटरात चार वर्षं ऑपरेटर होतो मी. फिल्म तुटली की पट्टीची टोकं ब्लेडनं खरवडून चिकटवायची. माझा हात जरा तिरका पडायचा, मालक ओरडायचे. तुमच्याकडे पहिल्यांदा ही कॅसेट बघितली तेव्हा ती तिरकी रेघ दिसली, आणि ओळखलं. ही आमच्याच थिएटरची प्रत.”

मी रिमोट खाली ठेवला. ते पुढे सांगत गेले.

त्यांची बहीण दोन वर्षांनी मोठी होती. चित्रपटात काम करायचं म्हणून एक दिवस घर सोडून गेली. वडिलांनी गल्लीत सांगून टाकलं, पोरगी आत्याकडे शिकायला गेली आहे. गणवेशाची मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येक आईला तेच सांगितलं. मग हा चित्रपट थिएटरला लागायच्या दोनच दिवस आधी तिचं पत्र आलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. “बाई दवाखान्यात येतात तेव्हा आम्ही सात जणी ओळीनं उभ्या आहोत, त्यात मी आहे. आईला नक्की दाखव.”

“कितवी ते लिहिलं नव्हतं,” चष्मेवाले म्हणाले. “घरच्या माणसांना ते वेगळं काय सांगायचं, असं वाटलं असेल तिला. वडील दाराआड उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर थिएटरात आले. केबिनमध्ये उभे राहिले. म्हणाले, ‘ती जागा काढ. उद्या सगळं गाव बघेल आणि मला विचारेल, आत्याकडची पोर इथे कशी? मग मी कुठे तोंड लपवू?’”

“आणि तुम्ही काढलीत?” दंतवैद्यानं विचारलं. त्यात राग नव्हता, तरी मला तो प्रश्न नको होता.

“काढली. पट्टीवरची चित्रं नखाएवढी असतात. उजेडासमोर धरून भिंग लावलं असतं तर दिसली असती. पण वडील बघत होते. धरली नाही. मनात म्हटलं, एका प्रतीतून तुकडा गेला म्हणून काय झालं? दुसऱ्या गावी दुसरी प्रत लागेल, तिथे जाऊन बघू. वडिलांनी मागच्या अंगणात पट्टी पेटवली. तेव्हाची फिल्म ती, फर्रकन गेली. दोन वर्षांनी बहीणही गेली. छातीचा आजार. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं कार्ड आलं, तेव्हा तिला जाऊन दहा दिवस झाले होते. घरातला तिचा एकुलता एक फोटो वडिलांनी आधीच फाडला होता. आणि पुढे गोदाम जळालं.”

“आईंचं काय हो?” ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं.

“आई होती नंतर बारा वर्षं,” एवढंच म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. “तुमच्या कॅसेटमध्ये निदान कळायचं तरी, की इथे काहीतरी होतं. कुणीतरी इथून काढलं गेलंय. आता तेवढंही राहिलं नाही.”

ते गेल्यावर आमची ही कप उचलायला आली तर म्हणाली, आज भांडण नाही वाटतं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्या गर्दीत ते कुणाला शोधत होते, आणि मी बँडवाल्यांचा विनोद करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानात गेलो. माफी मागायची सवय नाही, त्यामुळे चष्म्याचा स्क्रू सैल झालाय असं खोटंच सांगितलं. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “घट्ट आहे. बसा.” मी बसलो. जे बोलायचं होतं ते वेडंवाकडं बोललो. ते म्हणाले, “अहो, तुम्ही जे म्हणत होता ते मी रोजच म्हणत होतो. तुम्ही फक्त रविवारी.”

शोधाचं काम ग्रंथपालबाईंनी हाती घेतलं. कंपनीला पत्रं लिहिली. उत्तर आलं की दुसरी प्रत अस्तित्वात नाही. मग त्यांनी नातीकडून इंटरनेटवर जुन्या चित्रपटांच्या शौकिनांचे गट शोधून घेतले आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. बहुतेकांनी ‘मिळाली तर आम्हालाही कळवा’ असं उलट टपाली लिहिलं. वर्ष गेलं. चष्मेवाले रविवारी येत राहिले, पण गर्दीतल्या बायकांबद्दल बोलायचे थांबले. त्यांना वाटेत दम लागायला लागला होता. चार पायऱ्या चढून आले की आधी पाच मिनिटं नुसते बसायचे.

आणि मग एका बंदराच्या गावचा एक म्हातारा सापडला. जहाजावर विजेची कामं करायचा. जुन्या काळी खलाशांसाठी चित्रपटांच्या बारीक पट्टीच्या प्रती जहाजावर असायच्या; जहाज भंगारात निघालं तेव्हा यानं त्यातल्या काही घरी आणल्या होत्या. त्यात हा चित्रपट होता. अर्धाच, शेवट नसलेला, पण दवाखान्याचं दालन होतं. त्यानं डिस्क करून पाठवली. ग्रंथपालबाईंनी ती न बघता माझ्याकडे आणली. आधी चष्मेवाले बघतील, मग आपण.

त्या रविवारी चष्मेवाले इस्त्रीचा सदरा घालून आले. चष्म्याचा दोरा जाऊन नवी दांडी आली होती. दंतवैद्यानं ते बघितलं, पण टोचलं नाही.

चित्र खराब होतं, ओरखड्यांनी भरलेलं. दार आलं. बाईसाहेबांनी पाऊल उचललं आणि चालू लागल्या. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहितो: मी बाईसाहेबांकडेच बघत राहिलो. काय चालल्या हो त्या! परीक्षकानं लिहिलं होतं ते कमीच होतं. दंतवैद्यानं रुमाल काढला. आणि त्या खिडकीशी पोचल्यावर आम्हा तिघांनाही एकदमच आठवलं, की आपण कशासाठी जमलो आहोत. आम्ही वळून बघितलं.

“पुन्हा लावा,” चष्मेवाले म्हणाले.

मी पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते स्टूल ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. सात जणी. सातही जणी पांढऱ्या कपड्यांत, टोप्या कपाळावर ओढलेल्या, भुवया एकाच पेन्सिलीनं काढल्यासारख्या, नजरा समोर. मी एकेकीवर चित्र थांबवत गेलो. प्रत्येकीपाशी ते वाकून बघायचे, चष्मा वर करून बघायचे, मग हातानं ‘पुढे’ अशी खूण करायचे. सातवी झाली. परत पहिलीपासून.

“चौथी आहे का हो?” त्यांनी आम्हालाच विचारलं. आम्ही काय सांगणार? हजार चित्रपट बघितलेली माणसं आम्ही, पाठमोऱ्या बाईवरून नाव सांगणारी. जिला कधी बघितलंच नाही तिला कसं ओळखायचं?

“कळत नाही,” ते म्हणाले. “मला कळत नाही. सत्तावन्न वर्षं झाली. मला वाटत होतं, दिसली की कळेल.”

ग्रंथपालबाई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ते पडद्याकडेच बघत होते.

“आई आली होती थिएटरात,” ते म्हणाले. “वडिलांना न सांगता, दुपारच्या खेळाला. मीच तिला पुढच्या रांगेत बसवून आलो. कापलंय हे सांगायची छाती झाली नाही माझी. खेळ सुटला तर ही जिन्याशी उभी. म्हणाली, ‘कुठे होती रे? मला नाही ओळखू आली.’ मी म्हटलं, ‘होती की. तुझंच लक्ष नसेल.’ दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही. रोज यायची, रोज विचारायची. आपल्याला आपली पोर ओळखू येत नाही म्हणून घरी भांडी घासताना रडायची. आणि मी गप्प.”

दंतवैद्य काहीतरी बोलायला गेला. मी दंडाला धरून त्याला थांबवलं.

“नवव्या दिवशी खेळ सुटल्यावर जिन्याशी आली ती हसत. म्हणाली, ‘दिसली रे आज. तिसरी ना?’ मी हो म्हटलं. त्यानंतर आली नाही. बारा वर्षांत पुन्हा विषय काढला नाही. पडद्यावर सात जणी नव्हत्याच हो. पट्टी तर केव्हाच जळली होती. माझा जीव सुटावा म्हणून म्हणाली, की तिला खरंच कुठे दिसली, मला आजपर्यंत कळलेलं नाही.”

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, “प्रूफसाहेब, तिसरीवर थांबवा.”

मी थांबवलं. तिसरी मुलगी बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होती. लांबट चेहरा, पातळ ओठ, हनुवटी जरा वर.

“आमची ताई बुटकी होती,” चष्मेवाले म्हणाले. “माझ्या खांद्याला लागायची.”

मी पुढे न्यायला हात उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“राहू द्या,” ते म्हणाले. “आईनं हिलाच ओळखलंय.”

आणि ते त्या परक्या मुलीकडे बघत बसले. बराच वेळ बसले. मग हात पुढे करून त्यांनी बोटांनी पडद्यावरून तिची टोपी कपाळावरून जराशी मागे सारल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाले, “ताई, आई येऊन गेली गं.”